तारीख गेली, मैदान राहिलें

एखाद्या गांवाची संपत्ति मोजावयाची झाली म्हणजे त्याची जमीन, पाणी, बाजारपेठ, कारखाने आणि तेथील कर्तीं माणसें यांचा हिशेब करण्यांत येतो. वर्षांतील एखादी तारीख हीहि गांवाची मालमत्ता असूं शकते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परंतु ज्या गांवीं मोठी जत्रा भरते तेथील लोकांना ती अनुभवानें ठाऊक असते. हलवाई, बांगडीवाला, गाडीवान, खाणावळवाला या सर्वांच्या वर्षाच्या जमाखर्चाचें गणित जत्रेच्या चार दिवसांवर बसविलेलें असतें. आपल्याकडील जत्रेला मात्र एक भक्कम आधार आहे. देव जागचा हलत नाहीं, म्हणून जत्राहि हलत नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः त्यांच्या आग्नेय भागांत, मोटारींच्या शर्यती म्हणजे अशाच जत्रा होत. शर्यतीच्या शनिवार-रविवारीं लहानशा गांवांत त्याच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसें उतरतात, शेतांत तंबू पडतात, आणि सोमवारीं सकाळीं सर्व कांहीं पुन्हां शांत होतें. परंतु या जत्रेला जागेशीं बांधून ठेवणारा देव नाहीं. शर्यत कोठें व केव्हां व्हावयाची हें एका नियामक संस्थेच्या वेळापत्रकावर ठरतें, आणि तें वेळापत्रक बदललें कीं एका गांवची जत्रा दुसऱ्या गांवीं जाते. नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील नॉर्थ विल्क्सबरो या गांवाच्या वाट्याला हा अनुभव १९९६ सालीं आला. तेथील शर्यतीचें मैदान कोणी उचलून नेलें नाहीं. त्याची तारीख तेवढी नेली. तेवढ्यानें गांवाचें काय काय गेलें, आणि पाव शतकानंतर त्यांतील काय परत आलें, याची हकीकत अभ्यासण्यासारखी आहे.

नॉर्थ विल्क्सबरो हें ब्लू रिज पर्वताच्या पायथ्याशीं, यॅडकिन नदीच्या कांठीं वसलेलें गांव. २०२० च्या शिरगणतींत त्याची वस्ती चार हजारांहून थोडी अधिक भरली. ज्या विल्क्स परगण्यांत तें आहे त्या सबंध परगण्याची लोकसंख्या सुमारें सहासष्ट हजार होती. मुलूख डोंगराळ, जमीन उताराची आणि रस्ते वळणावळणांचे. अशा मुलुखांत पिकलेला मका गाड्यांत भरून दूरच्या बाजारांत नेणें जिकिरीचें होतें. त्याच मक्याची दारू गाळून नेणें पुष्कळच किफायतशीर होतें. सरकारचा कर चुकवून हातभट्टीची दारू गाळण्याविषयीं विल्क्स परगण्याची ख्याति देशभर पसरली होती. ही दारू रात्रीच्या वेळीं डोंगरांतील रस्त्यांनीं शहरांकडे जाई. तिची वाहतूक करणारे तरुण साध्या दिसणाऱ्या मोटारींत जोरदार यंत्रें बसवीत, ओझ्यानें गाडी मागें दबलेली दिसूं नये म्हणून कमानी अधिक ताठ करीत, आणि पाठलागावरील अधिकाऱ्यांना चुकवून पहांटेपर्यंत घरीं परतत. ज्यांची रोजी गाडीच्या वेगावर अवलंबून होती त्यांच्यांत कोणाची गाडी अधिक वेगवान हा वाद निघणें स्वाभाविक होतें. त्या वादाचा निकाल लावण्यासाठीं जीं मैदानें निर्माण झालीं त्यांपैकीं नॉर्थ विल्क्सबरोचें मैदान एक होय.

याच परगण्यांतील ज्युनियर जॉन्सन यांचें चरित्र म्हणजे या सर्व इतिहासाचा सारांशच आहे. १९३१ सालीं जन्मलेल्या या शेतकऱ्याच्या मुलानें वडिलांच्या भट्टीवरची दारू वाहून नेतांना गाडी हांकण्याची विद्या संपादन केली. त्या धंद्यापायीं त्याला तुरुंगवासहि घडला. पुढें त्यानें राष्ट्रीय दर्जाच्या ५० शर्यती जिंकल्या, नंतर स्वतःचें पथक उभारून त्याच्या चालकांना सहा वेळां अजिंक्यपद मिळवून दिलें, आणि १९८६ सालीं अध्यक्ष रीगन यांनीं त्याला त्या जुन्या गुन्ह्याची रीतसर माफी दिली. नॉर्थ विल्क्सबरोच्या प्रेक्षकांना शर्यत ही दुरून आलेल्या नटांची करमणूक वाटत नसे. ती त्यांना आपल्या आळींतील मुलांची चढाओढ वाटे, याचें कारण अशा चरित्रांत आहे.

दुसरें महायुद्ध संपल्यावर एनॉक स्टेली व त्यांचे कांहीं भागीदार यांनीं गांवाबाहेर हें मैदान बांधावयास घेतलें. भांडवल तुटपुंजें होतें. जमीन सपाट करण्याचें काम पुरें होण्यापूर्वींच पैसे संपले, असें सांगतात. आणि म्हणून सुमारें पाच अष्टमांश मैल लांबीच्या त्या लंबवर्तुळाकार मार्गाची प्रेक्षकांसमोरील बाजू उताराची व पलीकडची बाजू चढाची अशीच राहून गेली. गरिबीमुळें राहिलेला हा दोष पुढें त्या मैदानाचें वैशिष्ट्य ठरला. उतारावर वेग घेऊन पहिल्या वळणांत शिरणें आणि चढावर चाकांची पकड सांभाळणें ही तेथील खरी कसोटी होय. १८ मे १९४७ रोजीं तेथें पहिली शर्यत झाली. त्यानंतर कांहीं महिन्यांतच बिल फ्रान्स यांच्या पुढाकारानें नॅस्कार ही शर्यतींचें नियमन करणारी संस्था स्थापन झाली, आणि १९४९ सालीं तिनें सुरू केलेल्या प्रमुख स्पर्धेच्या पहिल्याच हंगामांतील शेवटची शर्यत १६ ऑक्टोबर रोजीं नॉर्थ विल्क्सबरो येथें भरली. तेव्हांपासून १९९६ पर्यंत या मैदानावर प्रमुख स्पर्धेच्या ९३ शर्यती झाल्या. १९५७ पर्यंत मार्ग मातीचा होता. त्या सालीं तो डांबरी झाला.

मध्यंतरीं एक संकट येऊन गेलें. १९७२ सालीं एका मोठ्या तंबाखू कंपनीच्या आश्रयाखालीं स्पर्धेची नवी घडी बसविण्यांत आली. वर्षाच्या ४८ शर्यतींच्या ३१ शर्यती झाल्या, आणि २५० मैलांहून कमी अंतराच्या शर्यती प्रमुख स्पर्धेंतून वगळल्या गेल्या. कित्येक लहान मैदानांचें नांव या एका नियमानें वेळापत्रकांतून पुसलें गेलें. नॉर्थ विल्क्सबरोची शर्यत ४०० फेऱ्यांची होती. पाच अष्टमांश मैलाच्या ४०० फेऱ्या म्हणजे बरोबर २५० मैल. नियमाच्या अगदीं कांठावर उभें राहून या मैदानानें आपल्या दोन तारखा, एक वसंतांतील व एक शरदांतील, आणखी चोवीस वर्षें राखल्या.

शर्यतीचे दिवस गांवासाठीं काय करतात हें समजण्यास मैदानाच्या फाटकाबाहेर पहावें लागतें. मैदानावर वर्षभर कामाला असणारीं माणसें थोडींच असतात; परंतु शर्यतीच्या शनिवार-रविवारीं तिकिटें तपासणारे, गाड्या लावून देणारे, झाडलोट करणारे, खाद्यपदार्थ विकणारे अशीं शेंकडों माणसें लागतात. रस्त्याकडेचा शेतकरी आपलें कुरण गाड्या उभ्या करण्यास देतो. शेजारचा गृहस्थ अंगणांत तंबूची जागा भाड्यानें देतो. गांवांतील मंडळें व देवळें आपापलीं खाद्यपदार्थांचीं दुकानें लावून त्या उत्पन्नावर वर्षाचीं कांहीं कामें पार पाडतात. पेट्रोलवाला, उपाहारगृहवाला आणि मोटारदुरुस्तीवाला यांची तर ती सुगीच होय. शिवाय, वर्षांतून दोन वेळां वर्तमानपत्रांत, नभोवाणीवर व पुढें दूरचित्रवाणीवर त्या गांवाचें नांव घेतलें जातें. एरवीं ज्या गांवाचें नांव चाळीस मैलांपलीकडे कोणी उच्चारलें नसतें त्याला या उच्चाराचें मोल फार वाटतें.

मग अशी तारीख जाते कशी? याचें उत्तर शर्यतीच्या व्यवस्थेंत आहे. मैदान हें मालकाचें, पण शर्यत भरविण्याची मंजुरी नॅस्कारची. ही मंजुरी त्या काळीं एकेका वर्षापुरतीच मिळे. २०१६ पासून कांहीं वर्षें ती पांच-पांच वर्षांच्या करारानें देण्यांत आली, पण तो पुढचा प्रकार झाला. वार्षिक मंजुरी असली तरी व्यवहारांत जुन्या मालकाला जुनी तारीख पुन्हां मिळत असे, आणि म्हणून ती तारीख मालकाचीच आहे अशी समजूत रूढ झाली होती. एका मालकाच्या दोन मैदानांमध्यें तारीख फिरविण्यासहि नॅस्कार संमति देत असे. म्हणजे तारीख जमिनीला चिकटलेली नव्हती. ती मालकाच्या मागून जाणारी होती. गांवाचा तर या व्यवहारांत कोठेंच दाखला नव्हता. गांवानें पन्नास वर्षें पाहुण्यांची उठबस केली होती, पण त्याबद्दल एका कागदावरहि त्याचें नांव लिहिलेलें नव्हतें.

जोंवर मैदानाचे मालक गांवचेच होते तोंवर ही उणीव कोणाला जाणवली नाहीं. स्टेली यांनीं जवळजवळ अर्धशतक तें मैदान चालविलें. तिकिटांचे दर माफक ठेवले, आणि बांधकामावर भव्य खर्च करण्याचें टाळलें. मे १९९५ मध्यें ते वारले. त्यानंतर अल्पावधींतच मालकीचे दोन भाग दोन परस्थ गृहस्थांच्या हातीं गेले. एक भाग ब्रुटन स्मिथ यांनीं घेतला. त्यांच्या कंपनीचे शेअर त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत विक्रीस आले होते, आणि टेक्सस संस्थानांत फोर्टवर्थजवळ दीड लाखांवर प्रेक्षक बसतील असें प्रचंड मैदान त्यांनीं बांधावयास घेतलें होतें. दुसरा भाग न्यू हॅम्पशायर संस्थानांतील एका नव्या मैदानाच्या मालकांनीं घेतला. दोघांनाहि नॉर्थ विल्क्सबरोच्या चढउताराच्या मार्गाशीं कर्तव्य नव्हतें; दोघांनाहि एकेक तारीख हवी होती. १९९७ च्या वेळापत्रकांत वसंतांतील तारीख टेक्ससला व शरदांतील न्यू हॅम्पशायरला गेली.

२९ सप्टेंबर १९९६ रोजीं शेवटची शर्यत झाली. जेफ गॉर्डन हा पंचवीस वर्षांचा कॅलिफोर्नियांत जन्मलेला चालक ती जिंकला, आणि डेल अर्नहार्ट हा नॉर्थ कॅरोलायनाचा जुना लाडका चालक दुसरा आला. या निकालांत कोणाला खेळाच्या स्थित्यंतराचें चिन्ह दिसलें तर नवल नाहीं. दक्षिणेकडील डोंगरांत वाढलेला खेळ आतां सबंध देशाचा होऊं पाहत होता. प्रेक्षक निघून गेले, फाटकें बंद झालीं, आणि बांकें, पाट्या, गुणफलक सर्व जागच्या जागीं राहिलें.

आतां या घटनेनें गांवाचें नुकसान किती झालें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. शर्यतींचे प्रवर्तक मोठमोठे आंकडे सांगतात. अर्थशास्त्रज्ञ त्यांवर तीन आक्षेप घेतात. पहिला असा कीं, खर्च झालेल्या पैशांतील किती भाग बाहेरून आला तें पहावें; गांवच्याच माणसानें तिकिटावर खर्च केलेला डॉलर एरवीं त्यानें गांवच्याच दुकानांत खर्च केला असता. दुसरा असा कीं, आलेला पैसा गांवांत राहिला किती? पथकें, मोठ्या कंपन्या व दूरचे मालक आपापला वाटा घेऊन सोमवारीं निघून जातात. तिसरा असा कीं, गर्दीमुळें जो नेहमींचा व्यवहार खोळंबतो त्याची वजावट कोण करतो? हे तीनहि आक्षेप रास्त आहेत. त्यांची वजावट करून जी रक्कम उरते ती प्रवर्तकांच्या आंकड्यांपेक्षां पुष्कळच लहान असते. परंतु ती लहान रक्कम कोणाच्या हातीं पडते हेंहि पाहिलें पाहिजे. कुरणाचें भाडें, अंगणाचें भाडें, मंडळाच्या दुकानाचें उत्पन्न हीं अशा घरांत जातात कीं जेथें शंभर डॉलरनें एका महिन्याची ओढाताण मिटते. मोठ्या शहरांत नाहींशी झालेली एक शर्यत दुसऱ्या करमणुकीनें भरून निघते. चार हजार वस्तीच्या गांवांत तिची जागा घेण्यास दुसरें कांहीं नसतें.

शिवाय नॉर्थ विल्क्सबरोवर त्या काळीं आलेली ही एकच आपत्ति नव्हती, आणि सर्व दुर्दशेचें खापर शर्यतीच्या माथीं फोडणें सत्याला धरून होणार नाहीं. शर्यतींच्या नांवांतच त्या परगण्याचा आर्थिक इतिहास वाचावयास मिळतो. वसंतांतील शर्यत एके काळीं गांवांतच मुख्य कचेरी असलेल्या नॉर्थवेस्टर्न बँकेच्या नांवानें भरे. ती बँक १९८५ च्या सुमारास फर्स्ट युनियन या मोठ्या बँकेंत विलीन झाली आणि शर्यतीचें नांव बदललें. शरदांतील शर्यत होली फार्म्स या परगण्यांतील कोंबड्यांच्या व्यापारी संस्थेच्या नांवानें भरे. ती संस्था १९८९ मध्यें अर्कान्सास संस्थानांतील टायसन कंपनीनें विकत घेतली आणि तें नांवहि बदललें. १९२१ सालीं याच गांवांत एका दुकानाच्या रूपानें जन्मलेल्या लोज या कंपनीनें पुढें देशभर शेंकडों दुकानें काढलीं, आणि २००३ च्या सुमारास आपली मुख्य कचेरी मूर्सव्हिल येथें नेली. लांकडी सामानाचे व कापडाचे कारखाने तर साऱ्या प्रांतांतच बंद पडत होते. या सर्वांत एक समान सूत्र आहे. कामगार, इमारती किंवा रस्ते एका दिवसांत नाहींसे झाले नाहींत. निर्णय घेणारीं माणसें मात्र एकामागून एक गांवाबाहेर गेलीं. शर्यतीची तारीख हें त्या निर्गमनाचें सर्वांना डोळ्यांनीं दिसलेलें उदाहरण होय. बँकेची विक्री कचेरीच्या बंद दाराआड होते. रिकामें मैदान मात्र हमरस्त्यावरून जातां येतां दिसत राहतें.

तारखेचें मोल जमिनीच्या मानानें किती असतें याचा याहून स्पष्ट पुरावा त्याच संस्थानांतील रॉकिंगहॅम येथें मिळाला. रॉकिंगहॅमचें मैदान १९६५ मध्यें सुरू झालें. तेथील मार्ग एक मैलाहून किंचित् मोठा होता, आणि तेथेंहि वर्षास दोन शर्यती भरत. २००३ नंतर एक तारीख गेली. उरलेल्या तारखेची शर्यत २२ फेब्रुवारी २००४ रोजीं झाली. मॅट केन्सेथ यानें ती सेकंदाच्या शंभराव्या भागानें जिंकली. इतकी अटीतटीची शर्यत होऊनहि ती तेथील अखेरचीच ठरली. स्मिथ यांच्या कंपनीच्या एका भागधारकानें, टेक्ससला दुसरी तारीख मिळाली पाहिजे, म्हणून दावा लावला होता. त्या दाव्याच्या समेटांत रॉकिंगहॅमचें मैदान स्मिथ यांच्या कंपनीकडे सुमारें दहा कोटी चार लाख डॉलरांना आलें, आणि तेथील तारीख टेक्ससला गेली. २००७ मध्यें तेंच मैदान लिलांवांत निघालें. मार्ग तोच, बांकें तींच, जमीन तीच. नव्हती ती केवळ तारीख. बोली चव्वेचाळीस लाख डॉलरांवर थांबली. पहिल्या किंमतींत समेटाचेहि पैसे होते हें खरें. तरी पण या दोन रकमांमधील अंतर हेंच बव्हंशीं तारखेचें मोल होय.

हें मोल इतकें कां वाढलें? १९९० नंतरच्या दशकांत शर्यतींचा प्रेक्षकवर्ग देशभर पसरला, आणि २००१ पासून दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रितपणें विकले जाऊं लागले. त्या उत्पन्नाचे शेंकडा ६५ टक्के शर्यत भरविणाऱ्या मैदानांना मिळत. ही वांटणी २०२४ पर्यंत चालू होती. म्हणजे बांकांवर किती प्रेक्षक बसले याचा विचार करण्यापूर्वींच, तारीख ज्याच्या हातीं त्याच्याकडे पैशाचा ओघ वाहूं लागे. अशा स्थितींत जो मालक दीड लाखांचें मैदान सोडून लहान मैदानावर शर्यत भरवील त्याला भागधारकांनीं जाब विचारला असता. वरील दावा हें त्याचेंच प्रत्यंतर होय. म्हणून या व्यवहारांत कोणी दुष्ट व कोणी साधु असें वर्गीकरण करतां येत नाहीं. मालकांनीं कायदा मोडला नाहीं. दूरच्या संस्थानांतील लक्षावधि प्रेक्षकांना आपल्या गांवाजवळ शर्यत पहावयास मिळाली, हाहि एक लाभच होता. परंतु लाभ एका ठिकाणीं जमा झाला आणि हानि दुसऱ्या ठिकाणीं. आणि ज्यांची हानि झाली त्यांचा सल्ला घेणें कोणावरहि बंधनकारक नव्हतें.

सर्वच तारीख गमावणें व कांहीं तारीख राखणें यांत केवढा फरक आहे तें साउथ कॅरोलायनांतील डार्लिंग्टन येथें दिसतें. तेथें १९५० पासून कामगारदिनाच्या सप्टेंबरमधील सुटीला पांचशें मैलांची प्रसिद्ध शर्यत होत असे. २००४ मध्यें ती सुटी कॅलिफोर्नियाच्या मैदानाला देण्यांत आली, आणि २००५ पासून डार्लिंग्टनला वर्षाची एकच शर्यत उरली. परंतु एक उरली, म्हणून मैदानाची डागडुजी चालू राहिली, प्रेक्षकांची संवय मोडली नाहीं, आणि २०१५ मध्यें जुनी सुटी परत मिळाली तेव्हां तिचें स्वागत करावयास मैदान उभें होतें. नॉर्थ विल्क्सबरोला तेवढाहि आधार राहिला नाहीं. अर्धी-अर्धी मालकी दोन प्रतिस्पर्ध्यांकडे असल्यामुळें मैदान वापरण्यांत कोणालाच स्वारस्य नव्हतें. २००७ मध्यें सर्व मालकी स्मिथ यांच्या कंपनीकडे आली तरीहि स्थिति बदलली नाहीं. डांबराच्या भेगांतून गवत आणि पुढें झाडें उगवलीं. बांकांचें लांकूड कुजलें. गांवांतील लोकांनीं मैदान वांचविण्यासाठीं मंडळ स्थापन केलें, अर्ज केले, सभा घेतल्या. २०१० मध्यें मैदान भाड्यानें घेऊन दुय्यम शर्यती भरविण्याचा प्रयत्न झाला. तो पैशाअभावीं पुढच्याच वर्षीं संपुष्टांत आला. मैदानाला जिवंत ठेवावयाला पैसा लागतो, आणि पैसा तर तारखेबरोबर गेलेला असतो, हें दुष्टचक्र तेथें पुरतें अनुभवास आलें.

हें चक्र अखेर भेदलें गेलें तें एका अनपेक्षित वाटेनें. डिसेंबर २०१९ मध्यें, शेवटच्या शर्यतींत दुसरा आलेल्या अर्नहार्टचा पुत्र, स्वतः विख्यात चालक असलेला डेल अर्नहार्ट ज्युनियर, कांहीं मित्रांसह तेथें गेला आणि त्यांनीं मार्गावरील झाडझाडोरा काढून टाकला. उद्देश मर्यादित होता. मैदान पुरतें नष्ट होण्यापूर्वीं त्याचें सूक्ष्म मोजमाप घेऊन संगणकावरील शर्यतीच्या खेळांत तरी तें जपून ठेवावें, एवढाच. परंतु १९१८ च्या जुन्या साथीची आठवण करून देणारी महामारी २०२० च्या वसंतांत जगभर पसरली, खऱ्या शर्यती थांबल्या, आणि त्याच मोसमांत संगणकावरील नॉर्थ विल्क्सबरोच्या मार्गावर नामवंत चालकांची शर्यत होऊन ती लोकांनीं घरोघर पाहिली. ज्या मैदानावर चोवीस वर्षांत प्रमुख स्पर्धेची गाडी फिरली नव्हती त्याचा मार्ग एका नव्या पिढीला अशा रीतीनें परिचयाचा झाला.

त्यानंतर सार्वजनिक पैसा पुढें आला. महामारींतून सांवरण्यासाठीं मध्यवर्ती सरकारकडून संस्थानांना मोठा निधि मिळाला होता. गव्हर्नर रॉय कूपर यांनीं त्यांतील रक्कम संस्थानांतील शर्यतींच्या मैदानांना देण्याची योजना मांडली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें मंजूर झालेल्या अंदाजपत्रकांत नॉर्थ विल्क्सबरोसाठीं एक कोटी ऐंशी लाख डॉलरांची तरतूद झाली. पाणीपुरवठा, सांडपाणी व इतर मूलभूत सोयी यांची व्यवस्था झाल्यावर ऑगस्ट २०२२ मध्यें तेथें पुन्हां गाड्या धांवल्या. ब्रुटन स्मिथ त्याच वर्षीं जूनमध्यें निवर्तले होते. पुनरुज्जीवनाचें काम त्यांचे पुत्र मार्कस स्मिथ यांनीं चालविलें. जुन्या पाट्यांचा व रंगांचा थाट मुद्दाम तसाच राखण्यांत आला. २१ मे २०२३ रोजीं निवडक चालकांची बहुमानाची वार्षिक शर्यत तेथें झाली व ती काइल लार्सन यानें जिंकली. पुढील दोन वर्षेंहि ती तेथेंच भरली. आणि २०२५ मध्यें जाहीर झालेल्या वेळापत्रकांत, १९९६ नंतर प्रथमच, अजिंक्यपदाचे गुण मोजले जाणारी शर्यत १९ जुलै २०२६ या तारखेस नॉर्थ विल्क्सबरोला देण्यांत आली. रॉकिंगहॅमलाहि एप्रिल २०२५ मध्यें दुय्यम स्पर्धांच्या दोन शर्यती मिळाल्या.

ही कथा सुखान्त आहे असें म्हणून थांबण्याचा मोह होतो. पण त्यापूर्वीं दोन गोष्टी ध्यानांत घेणें इष्ट आहे. एक, ज्या अनेक लहान मैदानांच्या तारखा गेल्या त्यांपैकीं फार थोड्यांच्या परत आल्या. नॉर्थ विल्क्सबरोच्या पाठीशीं इतिहास होता, एका नामांकित चालकाची आपुलकी होती, आणि महामारीच्या योगानें उपलब्ध झालेला निधि होता. असा त्रिवेणी योग वरचेवर येत नाहीं. शिवाय मधल्या काळांत मोठ्या मैदानांचीं कांहीं बांकें रिकामीं पडूं लागून काढूनहि टाकावीं लागलीं होतीं, आणि जुन्या, अवघड, लहान मार्गांविषयीं प्रेक्षकांना पुन्हां ओढ वाटूं लागली होती. म्हणजे मैदान परत आलें तें गांवाची गरज होती म्हणून नव्हे, तर खेळालाच त्याची गरज भासूं लागली म्हणून.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जनतेच्या पैशानें मैदानाच्या सोयी सुधारल्या, पण तारखेचा मालक बदलला नाहीं. ती १९९६ मध्यें गांवाबाहेरच्या माणसांच्या संमतीनें गेली, आणि गांवाबाहेरच्या माणसांच्या संमतीनेंच परत आली. पुढें ती पुन्हां जाऊं लागली तर गांवाला काय म्हणतां येईल? सार्वजनिक निधि देतांना, अमुक वर्षें अमुक शर्यती येथेंच भरविल्या पाहिजेत, अशी अट घालण्याची प्रथा पडली तरच गांवाचें नांव प्रथमच एखाद्या कागदावर येईल. हा प्रश्न केवळ अमेरिकेचा किंवा मोटारींचा नाहीं. क्रिकेटचा सामना असो, प्रदर्शन असो कीं संमेलन असो, ज्या ठिकाणीं बाहेरून दिलेल्या तारखेच्या भरंवशावर रस्ते, उपाहारगृहें आणि कुटुंबांचे हिशेब उभारले जातात त्या प्रत्येक ठिकाणीं, ही तारीख कोणाच्या नांवावर आहे, हें आधीं विचारावें लागेल.

नॉर्थ विल्क्सबरोच्या लोकांनीं तो प्रश्न उशिरां विचारला. परंतु एक काम त्यांनीं वेळेवर केलें. मैदान ओसाड असतां ते त्याला विसरले नाहींत, आणि आपल्या मुलांना त्याची ओळख करून देत राहिले. मार्गाचा उतार व चढ जसा जमिनीनें राखला तशी त्याची आठवण माणसांनीं राखली. तारीख परत आली तेव्हां तिला उतरावयास जागा होती, ती या दोहोंच्या बळावर.